चेंडू कुठे मिळणार? फिलाडेल्फिया आणि तिचे परतलेले सेंटर

२०२५ ची भाऊबीज. आपल्याकडे पहाट होती, फराळाचे डबे अजून उघडायचे होते आणि तिकडे बॉस्टनमध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स या एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, संघाचा नव्या मोसमातला पहिला सामना सुरू झाला होता. जोएल एम्बीड त्या दिवशी परतला. फेब्रुवारीपासून तो कोर्टवर उतरला नव्हता आणि एप्रिलमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली होती. मागच्या मोसमात संघाने ८२ पैकी ५८ सामने गमावले होते. त्यामुळे एकच प्रश्न सगळीकडे विचारला जात होता: हा सात फुटी माणूस या संघाच्या आक्रमणात आता नेमका कुठे बसणार?

प्रश्न नवा वाटतो, पण फिलाडेल्फियाला तो साठ वर्षांपासून पडत आला आहे. दर वेळी शहराने एका मोठ्या सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, वाट पाहिली. तो आल्यावर काय घडलं, हे बहुतेक एकाच गोष्टीवर ठरलं: त्याला चेंडू कोर्टच्या कोणत्या जागी मिळाला, आणि त्यासाठी आपली जागा कोणी सोडली.

गार्डचं, म्हणजे बाहेरून खेळ चालवणाऱ्या खेळाडूचं, परतणं तुलनेने सोपं असतं. तो चेंडू स्वतः घेऊन येतो, पहिल्याच चालीत खेळ त्याच्या हातात असतो. सेंटरचं तसं नाही. चेंडू त्याला कोणीतरी द्यावा लागतो, तोही योग्य वेळी आणि योग्य उंचीवर. तो नसताना बाकीच्या चौघांचे पाय नव्या वाटांना सरावलेले असतात. आमच्या शाळेच्या संघातला सगळ्यात उंच मुलगा कावीळ होऊन दोन महिने घरी होता. बरा होऊन आला आणि नेहमीसारखा रिंगच्या डाव्या अंगाला हात वर करून उभा राहिला. पहिल्याच चालीत मी तिथूनच आत घुसलो आणि थेट त्याच्या छातीवर जाऊन आदळलो. चूक दोघांचीही नव्हती. त्याच्या डोक्यात दोन महिन्यांपूर्वीचा खेळ होता, माझ्या पायांत त्या आठवड्याचा.

फिलाडेल्फियातलं पहिलं मोठं पुनरागमन विल्ट चेंबरलेनचं. तो त्याच शहराचा, ओव्हरब्रुक हायस्कूलचा मुलगा. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळू लागला. १९६१-६२ मध्ये त्याने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ ला एकाच सामन्यात १००. त्याच वर्षी वॉरियर्सचं बिऱ्हाड सॅन फ्रान्सिस्कोला हललं. १९६३ मध्ये सिरॅक्यूजचा नॅशनल्स संघ फिलाडेल्फियात आला आणि सेव्हंटीसिक्सर्स झाला. पहिल्या मोसमात त्यांचे ३४ विजय आणि ४६ पराभव. जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी तीन खेळाडू आणि रोख रक्कम देऊन विल्टला घरी आणलं.

विल्ट आल्यावर कोणाची जागा गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लूक जॅक्सन त्या मोसमात नवखा होता आणि सेंटर म्हणून खेळत होता. त्याला बाजूला सरकून फॉरवर्ड व्हावं लागलं. दणकट अंगाच्या त्या खेळाडूने पुढे धक्के खाणं, स्क्रीन लावणं (साथीदारासाठी बचावपटूची वाट अडवणं), रिबाउंड घेणं (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) ही सगळी राबणुकीची कामं पत्करली. संघाने तो मोसम ४० विजय, ४० पराभव असा बरोबरीत संपवला आणि तरीही प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, मालिकेत बॉस्टनला सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. तो सामना एका गुणाने गेला. शेवटच्या क्षणी बॉस्टनच्या हॅव्हलिचेकने चेंडू हिसकावला, ही गोष्ट बॉस्टनमध्ये आजही सांगितली जाते.

पण खरा बदल दोन वर्षांनी झाला. तोवर विल्ट सलग सात वर्षं लीगमध्ये सर्वाधिक गुण करत आला होता. १९६५-६६ मध्ये तो सामन्यामागे २५ च्या आसपास शॉट मारायचा, त्याची सरासरी ३३.५ होती, आणि संघ प्लेऑफमध्ये बॉस्टनकडून ४-१ असा हरला. पुढच्या मोसमात प्रशिक्षक म्हणून अ‍ॅलेक्स हॅनम आला. त्याने विल्टला सांगितलं, शॉट कमी मार, चेंडू वाट. रिंगकडे पाठ करून विल्ट चेंडू डोक्यावर धरून उभा राहायचा. दोघे जण त्याला अडवायला धावले की हाल ग्रीअर, चेट वॉकर किंवा बिली कनिंगहॅम मोकळ्या जागेतून आत शिरायचा. शॉट २५ वरून १४ वर आले, पण त्यातले ६८ टक्के आत जाऊ लागले. असिस्ट, म्हणजे ज्यावर साथीदार गुण करतो असे पास, ५.२ वरून ७.८ वर गेले. संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले, बॉस्टनची सलग आठ विजेतेपदांची साखळी तोडली आणि अंतिम फेरीत विल्टच्याच जुन्या वॉरियर्सना हरवलं. पुढच्या मोसमात तर लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट त्याचेच होते, तब्बल ७०२. सेंटरने हे करणं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता एक नियमांची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. रिंगसमोरचा रंगवलेला पट्टा, म्हणजे पेंट, सुरुवातीला सहा फूट रुंद होता. आक्रमण करणारा खेळाडू त्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. उंच खेळाडू रिंगखाली ठाण मांडतात म्हणून १९५१ मध्ये तो बारा फूट केला गेला आणि १९६४ मध्ये सोळा. दर खेपेस सेंटर रिंगपासून थोडा लांब ढकलला गेला. २००१ मध्ये एनबीएने झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी दिली आणि सेंटरची अडचण आणखी वाढली. पूर्वी त्याच्या हातात चेंडू येईपर्यंत मदतनीस बचावपटूला आपला माणूस सोडून फारसं भटकता येत नसे. आता चेंडू येण्याआधीच एक जण त्याच्यापुढे आणि दुसरा मागे उभा राहू शकतो.

झोन बचावाच्या आधीच्या काळातल्या मोझेस मलोनला पेंटची रुंदी आडवी आली नाही. १९८२ मध्ये ह्यूस्टनहून तो फिलाडेल्फियात आला तेव्हा ज्युलियस अर्विंग, अँड्र्यू टोनी आणि मॉरिस चीक्स यांचा संघ आधीच उत्तम होता, फक्त शेवटच्या पायरीवर अडखळत होता. मोझेससाठी आक्रमण बदलावं लागलं नाही, कारण त्याला चेंडू कोणी देण्याची गरजच नव्हती. कोणाचाही शॉट हुकला की तो रिंगखाली अंग घुसवून चेंडू काढायचा आणि पुन्हा वर टाकायचा. संघ ६५-१७, प्लेऑफमध्ये १२-१, आणि विजेतेपद. प्रशिक्षक कोण, तर बिली कनिंगहॅम, सोळा वर्षांपूर्वी विल्टच्या पासवर आत शिरणारा तोच.

१९८६ मध्ये संघाने मोझेसला वॉशिंग्टनला पाठवलं. त्याच दिवशी ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, पहिला क्रमांकही क्लीव्हलंडला देऊन टाकला आणि त्या क्रमांकावर ब्रॅड डॉहर्टीसारखा सेंटर तिकडे गेला. एका दिवसात दोन सेंटर गमावलेल्या या संघाला ती जागा पुढे कित्येक वर्षं धडपणे भरता आली नाही. मोझेस स्वतः १९९३ मध्ये परतला तो अडतिसाव्या वर्षी, साडेसात फुटी नवख्या शॉन ब्रॅडलीच्या मागे उभा राहायला आणि त्याला शिकवायला. २०१२ मध्ये लेकर्सकडून आलेला अँड्र्यू बायनम तर गुडघ्यांमुळे या संघासाठी एकही सामना खेळला नाही. सगळं आक्रमण ज्याच्याभोवती उभं करायचं ठरवलं, तो माणूस वर्षभर कोर्टच्या बाहेरच बसून होता. त्यानंतरच्या तीन मोसमांत संघाने मिळून ४७ सामने जिंकले आणि १९९ गमावले.

एम्बीड या पडझडीच्या काळातला. कॅमेरूनमधल्या याउंदेचा, पौगंडावस्थेत बास्केटबॉलकडे वळलेला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पायाच्या हाडामुळे दोन वर्षं खेळला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एकदाचा उतरला, तेव्हा मिनिटं मोजून दिली जात होती. २५ मिनिटांत सरासरी २० गुण करत तो ३१ सामने खेळला आणि मग गुडघा गेला. म्हणजे ‘परतणं’ हा त्याच्या कारकिर्दीचा पहिल्या दिवसापासूनचा भाग आहे.

त्याची जागा ठरायलाही बराच काळ गेला. बेन सिमन्स हा पॉइंट गार्ड लांबून शॉट मारत नसे आणि त्यालाही पेंटमध्येच शिरायचं असे. मग एम्बीडला थ्री-पॉइंट रेषेबाहेर, जिथून शॉटला तीन गुण मिळतात तिथे, उभं राहावं लागे. इतका उंच, मऊ हातांचा माणूस रिंगपासून २४ फुटांवर उभा पाहून माझा जीव तुटायचा. त्या काळातली जमून आलेली गोष्ट म्हणजे जे. जे. रेडिकबरोबरची देवाणघेवाण: एम्बीडने चेंडू हातात धरून उभं राहायचं, रेडिकने पळत येऊन तो त्याच्या हातातून घ्यायचा आणि त्याच्या आडोशाने शॉट मारायचा. रेडिक गेला, त्याच उन्हाळ्यात अल हॉरफर्डला घेतलं आणि दोन सेंटर एकाच अंगणात आले. ते एका वर्षात आटोपलं.

जेम्स हार्डन आल्यावर, आणि २०२३ मध्ये निक नर्स प्रशिक्षक झाल्यावर आणखी ठळकपणे, एम्बीडला चेंडू फ्री थ्रो लाइनच्या, म्हणजे फाउलनंतर मोकळा शॉट जिथून मारतात त्या रेषेच्या, मध्याशी मिळू लागला. खेळाडू त्या जागेला ‘नेल’ म्हणतात. फ्री थ्रोची रेषा मापून आखण्यासाठी लाकडी फरशीत तिथे खिळा ठोकलेला असायचा, त्यावरून हे नाव पडलं.

या जागेचा फरक डोळ्यांसमोर आणून पाहा. रिंगच्या बाजूला पाठ करून उभा असलेला सेंटर अर्धं कोर्ट पाहूच शकत नाही. दुसरा बचावपटू एंड लाइनकडून, म्हणजे त्याच्या आंधळ्या बाजूने येतो आणि चेंडूवर थाप मारतो. तोच माणूस खिळ्यापाशी रिंगकडे तोंड करून उभा राहिला की चारही साथीदार नजरेत असतात. दोन कोपऱ्यांत, दोन पंखांवर, म्हणजे दोन्ही बाजूंना. मदतीला कोण धावतोय हे त्याला दिसतं, आणि जो धावला त्याचा माणूस एकाच पासवर मोकळा असतो. कोणी आलंच नाही तर १५ फुटांवरचा शॉट आहे, आणि त्या शॉटची धास्ती घेऊन बचावपटू पुढे सरसावला की एक ड्रिबल आणि फाउल. एम्बीडने असे सामन्याला अकराहून जास्त फ्री थ्रो मिळवले. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक सरासरी त्याची, २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोच. पुढच्या मोसमात सरासरी ३४.७ वर गेली आणि २२ जानेवारी २०२४ ला सॅन अँटोनियोविरुद्ध एका सामन्यात ७० गुण.

आठच दिवसांनी गोल्डन स्टेटविरुद्ध चेंडूसाठी खाली पडलेल्या एम्बीडच्या डाव्या गुडघ्यावर दुसरा खेळाडू कोसळला. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चा, फाटला, शस्त्रक्रिया झाली. तो खेळला त्या सामन्यांत संघाची त्या मोसमातली कामगिरी ३१-८ होती, तो नसताना १६-२७. एप्रिलमध्ये परतल्यावरचे त्याचे पाचही सामने संघाने जिंकले. ते पुनरागमन लगेच जमलं, कारण चालींची घडी दोनच महिन्यांपूर्वीची होती आणि गार्ड टायरीस मॅक्सीला तो खिळा पाठ होता. प्लेऑफमध्ये चेहऱ्याची एक बाजू बेल्स पाल्सीने लुळी पडलेली असताना एम्बीडने न्यूयॉर्कविरुद्ध ५० गुण केले. ते पाहताना मी खुर्चीवर बसू शकलो नव्हतो.

२०२४-२५ मध्ये मात्र ही घडी मोडली. पॉल जॉर्जला मोठ्या करारावर आणलं होतं, पण संघाने सुरुवातच ३-१४ अशी केली. एम्बीड नोव्हेंबरमध्ये आला, गेला, पुन्हा आला, असे एकूण १९ सामने. जुनी जागा तीच ठेवली होती, पण त्या जागेला लागणारा गुडघा नव्हता. १५ फुटांवरचा शॉट पायांतून निघतो. उडी अर्धवट झाली की चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. पहिलं पाऊल मंदावलं की फाउल मिळत नाहीत. तो खिळ्यापाशी चेंडू धरून थांबायचा, बाकीचे चौघे त्याची वाट पाहत उभे, आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, संपत यायचं. फेब्रुवारीअखेरीस त्याचा मोसम संपल्याचं जाहीर झालं.

त्या २४-५८ च्या मोसमामुळे ड्राफ्टमध्ये तिसरा क्रमांक मिळाला आणि त्यावर व्ही. जे. एजकोम हा बहामाजचा तरणाबांड गार्ड आला. म्हणजे आता दोन गार्ड असे, जे चेंडू घेऊन सुसाट पळतात, आणि एक सेंटर, ज्याला थांबून खेळायची सवय. माझं मत स्पष्ट आहे. एम्बीडने या वेळी हॅनमच्या विल्टसारखं व्हावं, निदान मोसमाच्या पहिल्या भागात तरी: खिळ्याची जागा ठेवावी, पण तिथे चेंडू धरून राहू नये. मॅक्सीने पास देऊन त्याच्याच अंगावरून वळसा घालावा, एजकोमने मागच्या बाजूने रिंगकडे कापावं, आणि एम्बीडने दोघांपैकी एकाला चेंडू द्यावा. त्याचे हात आणि नजर शाबूत आहेत, आणि या कामाला गुडघा फार लागत नाही.

भाऊबीजेच्या त्या पहाटे एम्बीड २० मिनिटं खेळला. गुण केले अवघे ४. मॅक्सीने ४० केले आणि आयुष्यातला पहिलाच एनबीए सामना खेळणाऱ्या एजकोमने ३४. फिलाडेल्फियाने बॉस्टनला ११७-११६ असं त्यांच्याच कोर्टवर हरवलं.