काठ नसेल तर बेडूकही बुडतो

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने कॉलेज रोडजवळच्या मोकळ्या प्लॉटातल्या डबक्यातून बेडकाची ओंजळभर पिल्लं आणली आणि तांब्याच्या घंगाळात सोडली. घंगाळ आजीचं, नाशिकच्या भांडी बाजारातलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. दोन दिवसांत सगळी पिल्लं तळाशी गेली. तिने रडत रडत पुन्हा आणली, या वेळी प्लास्टिकच्या टबात ठेवली. ही जगली, त्यांना पाय फुटले, शेपट्या आखडू लागल्या. मग एका सकाळी दोन इवले बेडूक पाण्यावर उताणे तरंगताना दिसले. "मामा, बेडूक पण बुडतो का?" तिने विचारलं.

बुडतो. कल्ले असतात ते पिल्लांना. मोठा बेडूक फुफ्फुसांनी श्वास घेतो, पण त्याला आपल्यासारखा बरगड्यांचा पिंजरा नाही आणि छाती-पोटामधला पडदाही नाही. म्हणून तो गळ्याने हवा आत ढकलतो. बसलेल्या बेडकाचा गळा सारखा धपापत असतो तो त्यासाठीच. कातडीतूनही त्याला ऑक्सिजन मिळतो, मात्र तो किती पुरेल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. १० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तेवढ्याच हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. शिवाय उबेत बेडकाची ऑक्सिजनची गरज वाढते. तेव्हा गार पाण्यात तळाशी निवांत पडून राहणारा बेडूक कोमट पाण्यात वर यायला धडपडतो, आणि टेकायला जागा मिळाली नाही तर दमून बुडतो.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे चार पाय आणि अर्धी शेपटी असतानाचा. कल्ले विरत असतात, फुफ्फुसं नुकती कामाला लागलेली असतात. तोंडाची आणि आतड्याची घडण बदलत असल्याने पिल्लू खात नाही, आखडत्या शेपटीवर जगतं. पोहणंही धड जमत नाही. या दिवसांत त्याला हवा असतो उतार. आमच्या टबाला उभ्या, गुळगुळीत भिंती होत्या. एक खडबडीत दगड तिरका ठेवला असता तर ती दोन्ही वाचली असती, हे मला अजून सलतं.

हाच सापळा मोठ्या आकारात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत दिसतो. जुन्या बारवेला पायऱ्या, दगडी विहिरीला कपारी; पडलेला बेडूक कुठेतरी टेकतो. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर भेकासारख्या जमिनीवर राहणाऱ्या, खरखरीत कातडीच्या बेडकाचा पाय ठरत नाही. बाथरूमच्या फरशीवर चढणाऱ्या झाडबेडकाच्या बोटांना चिकट गाद्या असतात, भेकाला त्या नाहीत. गाठी मारलेला जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी कडेने सोडली तरी त्याची सुटका होते.

आता घरोघरी व्हिव्हेरियम येऊ लागली आहेत: काचेची पेटी, शेवाळ, रोपं आणि हमखास एक धबधबा. धबधबा माणसाला आवडतो. दुकानात पॅकमन फ्रॉग नावाने मिळणारा गोलमटोल बेडूक मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो दिवस दिवस ओल्या मातीत रुतून बसतो आणि पोहण्यात कच्चा असतो. अशा जमिनीवरच्या बेडकांसाठी पाणी बसलेल्या बेडकाच्या हनुवटीखाली राहावं. खरं सांगायचं तर त्यांना पसरट, खडबडीत थाळी पुरते. धबधबा करायचाच असेल तर पाण्यापेक्षा आधी फटी बघा. सजावटीच्या दगडामागे, पंपाच्या कप्प्यात बेडूक शिरतो आणि त्याला मागे फिरता येत नाही. डोकं जाईल एवढी फट म्हणजे वाटच समजा. पंपाच्या तोंडावर स्पंज हवा, नाहीतर पाय ओढला जातो. वायर बोर्डापर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडावा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळतं. घरात अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं बटण, नसेल तर तो आधी बसवून घ्या.

आणि घंगाळ? तिथे काठाआधी तांब्याने घात केला असणार. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; पोटाच्या खालच्या बाजूच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषतो. गोड्या पाण्यात त्याच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपतात, ते कातडीने आणि पिल्लांत कल्ल्यांनी परत ओढून घ्यावे लागतात. पाण्यात उतरलेलं तांबं नेमकी ही ओढ बंद पाडतं. चिंचेने घासल्यावर तांब्यावरचा जुना थर निघतो आणि उघडा धातू पाण्याला लागतो. आपण बागेत बोर्डो मिश्रण करतो त्या मोरचुदातही तांबंच आहे. माशांच्या काही औषधांतही ते असतं, म्हणून मत्स्यालयातलं पाणी आयतं वापरू नका.

नळाचं पाणीही थेट नको. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन घरी येतं ते क्लोरिन घेऊनच. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं लागतं. आपल्याला ते हवंच. बेडकाच्या कातडीला ते झोंबतं. बादली दिवसभर उघडी ठेवली की क्लोरिन बरंचसं उडून जातं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग, मात्र असं उडत नाही; त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानातला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरिन काढणारं द्रावण, लागतो. नुसतं आरओचं पाणी भरलं तर क्षार आणखी निथळतात.

पेटीतून काढलेलं पाणी नासर्डी नदीत, नाल्यात किंवा गोदावरीत ओतू नका. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचं वर्णन १९९९ मध्ये झालं. ती क्षारांचा तोल बिघडवून शेवटी हृदय बंद पाडते. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यानुसार तिच्यामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या, त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात. प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती देशोदेशी पसरली. पश्चिम घाटातही ती आढळली आहे. म्हणून ते पाणी उकळून किंवा ब्लीच घालून मगच मोरीत ओता.

टबात उरलेली पिल्लं आम्ही त्याच डबक्यात नेऊन सोडली. डबकं गढूळ होतं, पण चारी बाजूंनी चिखलाचा उतार होता आणि गवत पाण्यात झुकलेलं होतं. शेपटीचा ठिपका उरलेलं एक पिल्लू त्या गवताला धरून बराच वेळ अर्धं बाहेर बसून होतं.