बौद्ध व जैन धर्मांच्या उदयाची सामाजिक पार्श्वभूमी

इ.स.पू. ६ व्या व ५ व्या शतकांत मध्य गंगा खोऱ्यात, म्हणजे साधारणपणे आजच्या बिहारात व पूर्व उत्तर प्रदेशात, श्रमण (वेदप्रामाण्य न मानणाऱ्या गृहत्यागी तपस्व्यांच्या) संप्रदायांना जे बळ मिळाले त्यामागील समाजस्थिती. निगंठ (जैन) आणि बौद्ध हे या संप्रदायांपैकी चिरकाल टिकलेले दोन होत. मक्खली गोसालाचा आजीवक पंथ, अजित केसकंबलीचा भौतिकवाद आणि इतर अनेक मते त्याच काळी प्रचलित होती. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील ब्रह्मजालसुत्तात अशा ६२ मतांची मोजदाद आहे.

काळाचा प्रश्न येथे केवळ तपशिलाचा नाही. महावीरांचे निर्वाण परंपरेने इ.स.पू. ५२७ मध्ये मानले जाते. बुद्धाच्या परिनिर्वाणासाठी (देहान्तासाठी) सिंहली परंपरा इ.स.पू. ५४४-४३ हे वर्ष देते. आधुनिक अभ्यासक दीर्घकाळ इ.स.पू. ४८६ किंवा ४८३ मानत आले, तर अलीकडे बरेचजण ही घटना इ.स.पू. ४०० च्या आसपास ठेवतात. हा अलीकडचा काळ ग्राह्य धरल्यास राजगृह, श्रावस्ती, कौशांबी ही नगरे बुद्धाच्या वेळी नवी नव्हती, चांगली रुळलेली होती. मग नव्या नागरी जीवनाच्या पहिल्या धक्क्यातून हे धर्म जन्मले, हे विवेचन बरेच सैल पडते.

सर्वाधिक चर्चा लोखंडाविषयी झाली आहे. लोखंडी कुऱ्हाडीने खोऱ्यातील घनदाट जंगल तुटले, लोखंडी फाळाने जड गाळाची जमीन नांगरली गेली, भाताच्या लावणीमुळे धान्याची शिल्लक वाढली आणि त्या शिल्लकीवर नगरे, राज्ये व भिक्षुसंघ पोसले गेले, अशी उपपत्ती इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी व रामशरण शर्मा यांनी मांडली. नांगराला बैल लागतात. यज्ञात गुरे मारणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले आणि म्हणून अहिंसेला पाठिंबा मिळाला, असा तिचा पुढचा टप्पा आहे. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथातील ब्राह्मणधम्मिकसुत्त गाईंना आईबापांप्रमाणे आपले परम मित्र म्हणते, अन्न, बल, कांती व सुख देणाऱ्या म्हणते. दीघनिकायातील कूटदंतसुत्तात यज्ञासाठी ७०० बैल, ७०० गोऱ्हे, ७०० कालवडी, ७०० बोकड व ७०० मेंढे खांबांशी आणल्याचे वर्णन आहे. आकडा साचेबंद असला तरी यज्ञातील पशुहानी लोकांच्या डोळ्यांत भरत होती एवढे त्यावरून निश्चित होते.

या उपपत्तीवर दोन बाजूंनी आक्षेप आले. राज्यसत्तेने सक्ती केल्याशिवाय शेतकरी शिल्लक काढत नाही, म्हणून नगरांचे मूळ राजकीय संघटनेत शोधावे, असे पुरातत्त्वज्ञ अमलानंद घोष यांनी म्हटले. पुरातत्त्वज्ञ मक्खन लाल यांनी मोठ्या प्रमाणावरील जंगलतोडीस पुरातत्त्वीय आधार नसल्याचे दाखविले. पुढे मल्हार व राजा नल का टीला येथील उत्खननांमुळे या प्रदेशातील लोखंडाचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे गेला. लोखंड आधी आणि नगरे कित्येक शतकांनंतर, असा क्रम असल्यास लोखंड हे सहायक कारण ठरते, निर्णायक नव्हे. प्रस्तुत नोंदीचा कल याच मताकडे आहे. उत्तरी काळी झिलईदार मृद्भांडी (या काळातील चकचकीत काळी मातीची भांडी) आणि आहत (ठसे उमटवलेली) नाणी मात्र व्यापाराच्या वाढीची भक्कम साक्ष देतात.

वर्णव्यवस्थेविरुद्ध खालच्या थरांनी केलेले बंड, हे प्रचलित स्पष्टीकरण ग्रंथांशी पूर्णपणे जुळत नाही. महावीरांचे ११ गणधर (पट्टशिष्य) सर्व ब्राह्मण होते; बुद्धाचे प्रमुख शिष्य सारिपुत्त, मोग्गल्लान व महाकस्सप हेही ब्राह्मण कुळांतले. आश्रयदात्यांत अनाथपिंडिकासारखे श्रेष्ठी (धनिक व्यापारी) व गृहपती (संपन्न कुटुंबप्रमुख) ठळक दिसतात. जन्मावरून श्रेष्ठत्व नाकारले गेले आणि उपालीसारखा न्हावी विनयाचा (संघाच्या नियमांचा) अग्रगण्य जाणकार झाला, हे खरेच महत्त्वाचे आहे. पण महावग्ग या विनयग्रंथानुसार ऋणको, दास आणि राजाचे सैनिक यांना प्रव्रज्या (संघप्रवेशाची दीक्षा) देण्यास मनाई करण्यात आली, आणि सैनिकांविषयीची मनाई तर मगधाचा राजा बिंबिसार याच्या तक्रारीवरून झाली. संघ समाजातील मालकी व सत्तेचे संबंध उलथवत नव्हता. त्यांतून बाहेर पडण्याची वाट, ज्यांच्यावर दुसऱ्याचा हक्क नाही अशांसाठी, त्याने खुली केली.

शाक्य, लिच्छवी, मल्ल इत्यादी गणराज्यांचा (सभेच्या मार्फत कारभार चालणाऱ्या राज्यांचा) मगध व कोसल यांच्या दडपणाखाली झालेला ऱ्हास हे दुसरे कारण. संघाच्या सभापद्धतीवर गणांची छाप आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्‌भवलेल्या तंट्याचा गौतमाच्या गृहत्यागाशी बौद्ध विद्वान धर्मानंद कोसंबी (दामोदर कोसंबींचे वडील) यांनी जोडलेला संबंध मराठी वाचकांना परिचित आहे. बाबासाहेब आंबेडकरांनीही हा तंटाच गृहत्यागाचे कारण मानला.

जैन बाजूची साधने उत्तरकालीन आहेत, कारण श्वेतांबर आगमांचे (धर्मग्रंथांचे) अंतिम संकलन वलभी येथे इ.स. ५ व्या शतकात झाले. उवासगदसाओ या अंगग्रंथातील आनंद गृहपतीच्या व्रतांत ५०० नांगर व ५०० गाड्यांची मर्यादा येते आणि सद्दालपुत्त कुंभाराची ५०० दुकाने सांगितली आहेत. धनिक शेतकरी, व्यापारी व कारागीर हा जैनांचा उपासकवर्ग त्यातून दिसतो, पण तो महावीरकालीनच होता असे म्हणता येत नाही.

दक्षिणेविषयीचा पुरावा याहून तुटपुंजा आहे. सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे १६ शिष्य पतिट्ठान (पैठण), माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी व साकेत या मार्गाने श्रावस्तीकडे व तेथून पुढे बुद्धाच्या शोधात जातात; ही प्रास्ताविक कथा नंतरची समजली जात असली, तरी तिच्यातील मुक्कामांचा क्रम दक्षिणापथाच्या व्यापारी मार्गाशी जुळतो.