हळू आवाजाचे भौतिकशास्त्र

उदास गाणे म्हणजे कोमल स्वरांचे गाणे, हा समज आपल्याकडे आणि पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्यांमध्ये सारखाच रुजलेला आहे. भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल असूनही तिच्यात आनंदाची भजने सर्रास गायली जातात, एवढ्यावरूनच हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. निक ड्रेक या उदास गाण्यांच्या इंग्लिश गायकाचा ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ हा पहिला अल्बम 1969 साली, त्याच्या वयाच्या 21व्या वर्षी निघाला. तो ऐकताना स्वरांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष वेधून घेतो तो कुठेही न चढणारा, श्वासमिश्रित आवाज. स्पीकर कितीही मोठा केला तरी हा आवाज हळूच वाटतो.

गाताना स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा उघडतात आणि मिटतात. जोरात गाताना ते झटक्याने मिटतात आणि हवेचा प्रवाह एकदम तुटतो; हळू गाताना ते सावकाश, कधी कधी अर्धवटच मिटतात. दार आपटणे आणि दार लोटणे यांत जो फरक, तोच इथे. प्रवाह जितका अचानक तुटेल, तितके मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, दसपट अशा पटींतले स्वर, म्हणजेच वरचे हार्मोनिक, अधिक बलवान होतात, हे ध्वनी साध्या लहरींत विभागून पाहणाऱ्या फूरिए या गणितज्ञाच्या गणितातून निघते. साधारण आवाजात स्वरतंतूंपाशी या हार्मोनिकांची पातळी दर सप्तकामागे सुमारे 12 डेसिबलने उतरते. श्वासमिश्रित आवाजात हा उतार अधिक तीव्र असतो, तर जोरकस आवाजात सौम्य. स्पीकर मोठा केल्यावर सगळे हार्मोनिक सारख्याच डेसिबलने वाढतात, उतार मात्र जसाच्या तसा राहतो आणि गाणाऱ्याने किती जोर लावला याचा अंदाज आपला मेंदू बऱ्याच अंशी त्या उतारावरूनच बांधतो.

अशा गायनाला मायक्रोफोनही हातभार लावू शकतो. एका दिशेचा आवाज टिपणारा मायक्रोफोन पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या दाबांतील फरकावर चालतो. 100 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 100 कंपनांच्या, ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर असल्याने दूरच्या स्रोताबाबत हा फरक फार लहान असतो आणि ती उणीव मायक्रोफोनच्या रचनेतच भरून काढलेली असते. ओठ काही सेंटिमीटरवर आले, की निव्वळ अंतरामुळेच दोन्ही बाजूंच्या दाबांत मोठा फरक पडतो, आधीची भरपाई जास्त होते आणि खर्ज फुगतो. कुणी कानाशी लागून गात असल्याचा भास त्यातून होतो. दुःखी माणसाचे बोलणेही संथ, खालच्या पट्टीतले आणि कमी चढउतारांचे असते, हे ध्वनिमापनांत वारंवार दिसले आहे; असा हळू आवाज उदास वाटण्यामागे तेही एक कारण असावे.

वाद्ये जुळवण्याचा प्रमाण स्वर नेहमीच्या 440 ऐवजी 432 हर्ट्झ ठेवला की मन शांत होते, पेशी बऱ्या होतात, असे सांगणारे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. हा फरक अर्ध्या स्वराच्या जेमतेम एकतृतीयांश आहे. पेटीवाला पट्टी बदलतो तेव्हा याहून मोठा फरक पडतो, आणि त्याने कुणाचा ताप उतरल्याचे ऐकिवात नाही.

ड्रेकच्या ‘वे टू ब्लू’ या गाण्यात तर गिटारही नाही. रॉबर्ट कर्बी याने योजलेली तंतुवाद्ये आणि हा आवाज, एवढेच. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो व पुढे उतरत जातो, म्हणून ऑपेराचे गायक घशाची पोकळी अशी घडवतात, की 3000 हर्ट्झच्या आसपासचे हार्मोनिक उसळून वर येतात आणि वाद्यांच्या गर्दीतूनही सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचतात. हळू, श्वासमिश्रित आवाजात नेमका हाच पट्टा क्षीण असतो. मायक्रोफोनविना ड्रेकचा आवाज वाद्यांखाली बुडून गेला असता.