फिल्म नंतर बघू, आधी वाकून दाखवा

कंबरदुखीचा पेशंट आत येतो तो बहुतेक वेळा एमआरआयच्या फिल्मची मोठी पिशवी पुढे करतच. "मणक्यात गॅप आहे म्हणे." मी पिशवी घेऊन बाजूला ठेवते आणि आधी चालून दाखवायला सांगते. आठ-दहा हजार रुपये खर्चून काढलेली फिल्म बाजूला पडली की काहींचा चेहरा उतरतो. फिल्म मी बघणार असतेच. पण तिच्यातलं काय खरं धरायचं, हे आधी त्या माणसाच्या शरीरालाच विचारावं लागतं.

त्या 'गॅप'बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं, मणके एकमेकांपासून सुटे झालेत, आता जरा वाकलं तरी काहीतरी निसटेल. खरं तर फिल्मवर दिसतं ते दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं, कारण मधली गादी, म्हणजे चकती, वयाबरोबर पाणी धरेनाशी होते आणि बसते. केस पांढरे व्हावेत तसंच हे आहे. पण त्या एका शब्दाने माणसं वर्षानुवर्षं बादली उचलायला घाबरलेली मी पाहिली आहेत.

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका काकूंची तपासणी सांगते, म्हणजे सगळं नीट कळेल. वय बावन्न. पहाटे पाचला उठून लगेच वाकून परातीत कणीक मळायची आणि मग दुपारपर्यंत ओट्याशी उभं राहायचं. दीड महिन्यापासून उजव्या कुल्ह्यातून कळ निघून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलावर उतरत होती. रिपोर्टमध्ये दोन गाद्या फुगल्याचं लिहिलं होतं. एक कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधली, डावीकडे. दुसरी चौथ्या-पाचव्यातली, उजवीकडे.

दारापासून खुर्चीपर्यंतच्या चालण्यातच बरंच कळतं. काकू उजव्या पायावर भार येताच तो चटकन उचलत होत्या आणि उभ्या राहिल्या की धड डावीकडे झुकत होतं. हे झुकणं मुद्दाम केलेलं नसतं. दुखणाऱ्या नसेला जागा मिळावी म्हणून शरीर आपणहून तशी बैठक घेतं. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि त्यातून बराच घोळ होतो.

मग वाकणं. खाली वाका म्हटलं की कंबर वाकते असं आपण धरून चालतो, पण वाकण्याचं काम कमरेचे पाच मणके आणि दोन्ही खुब्यांचे सांधे मिळून करतात. कमरेचा भाग फळीसारखा ताठ असला तरी ज्याचे खुबे मोकळे आहेत तो हाताने पायाचे अंगठे धरू शकतो. म्हणून बोटं जमिनीपासून किती वर राहिली, एवढंच मोजलं तर फसगत होते.

यावरची युक्ती पाउल श्कोबर या जर्मन डॉक्टरांनी १९३७ साली मांडली आणि १९६९ साली तिच्यात सुधारणा झाली. साहित्य म्हणजे एक पेन आणि शिंप्याची टेप. कमरेच्या तळाशी दोन बाजूंना ज्या खळ्या असतात, त्यांना जोडणाऱ्या रेषेवर मधोमध एक खूण करायची. तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी, खाली ५ सेंटिमीटरवर तिसरी. उभं असताना टोकाच्या खुणांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर. आता गुडघे न वाकवता पुढे वाकायचं. कमरेचे मणके मागून पंख्यासारखे उघडतात, वरची कातडी ताणली जाते आणि निरोगी पाठीत तेच अंतर २० सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून जास्त होतं. टेप पाठीवर धरून माणसाला वाकताना बघावं, दोन खुणा एकमेकींपासून खरंच दूर सरकताना दिसतात. मी इतकी वर्षं बघते आहे, तरी ते बघायला मला अजून आवडतं.

पंचविशीतला मुलगा येतो. सकाळी उठल्यावर तासभर पाठ आखडलेली, चाललं-फिरलं की मोकळी, आराम केला की पुन्हा जास्त. त्याच्या खुणा दोन-तीन सेंटिमीटरच सरकल्या तर माझे कान टवकारतात. ही सूज येऊन मणके हळूहळू एकमेकांना जखडणाऱ्या संधिवाताची, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची सुरुवात असू शकते. अशी मुलं 'बसून काम असतं, म्हणून दुखतं' हे ऐकत कित्येक वर्षं काढतात. आज या आजारावर चांगली औषधं आहेत, म्हणून ही वर्षं वाया जाताना मला फार वाईट वाटतं. पाठ वाकण्याच्या हालचालीला इतर कारणांनीही आखडते, त्यामुळे एका टेपवर निदान होत नाही. पण संधिवाततज्ज्ञांकडे पाठवायला तेवढा संशय पुरे.

वळण्याच्या हालचालीवर मी फार वेळ घालवत नाही. कमरेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे अशा दिशेने बसवलेले असतात की ते पुढे-मागे मोकळे असतात, पण वळताना एकमेकांवर अडतात. 'कंबर वळवली' म्हणतो तेव्हा बहुतेक वळणं छातीच्या मणक्यांत आणि खुब्यांत होतं.

मागे वाकण्याला मात्र एक गोष्ट जोडलेली आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक पेशंट, पायात कळ असलेला, खोलीत जाऊन टेबलावर पालथा झोपला. आधीच्या पेशंटसाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली तशीच राहिली होती, त्यामुळे काही मिनिटं त्याची पाठ मागे कमानीसारखी वाकून राहिली. मॅकेन्झी घाईने आत आले, तर तो म्हणाला की पायातली कळ गेली. त्यातून एक निरीक्षण पुढे आलं आणि ते आज रोज उपयोगी पडतं. एखादी हालचाल पुन्हा पुन्हा केल्यावर कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ह्यात आणि मग कमरेत गोळा होऊ लागली तर ते चांगलं लक्षण. कंबर त्या वेळी थोडी जास्त दुखली तरीही. लोक नेमके इथे घाबरून व्यायाम सोडतात. काकू पालथ्या झोपून कोपरांवर उठल्या आणि पाच मिनिटांनी म्हणाल्या, "मॅडम, पावलातलं गेलं. मांडीत आहे अजून."

मग त्यांना उताणं झोपवलं. गुडघा सरळ ठेवून टाचेला धरून पाय सावकाश उचलायचा, बाकी काही नाही. सुरुवातीच्या तीसेक अंशांपर्यंत नसेतला ढिलेपणा निघतो आणि त्यापुढे सायटिक नसेचं, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या जाड नसेचं, मूळ ओढलं जाऊ लागतं. तिथे फुगलेली गादी टेकलेली असेल तर कळ गुडघ्याच्या खाली जाते. काकूंचा पाय ४५ अंशांवर थांबला. पण मांडीमागचे आखडलेले स्नायूही याच वेळी ओढ देतात, मग ही ओढ कुणाची? पाय जरासा खाली घेतला, कळ थांबली. आता गुडघा तसाच सरळ ठेवून पावलाचा चवडा त्यांच्या नाकाकडे ढकलला. मांडीमागचे स्नायू गुडघ्याखालीच संपतात, घोट्यापर्यंत पोचत नाहीत. नस मात्र पावलापर्यंत जाते. काकू "आई गं!" म्हणाल्या. कळ परत आली होती, म्हणजे ओढली जात होती ती नस.

या चाचणीला जगभर फ्रेंच डॉक्टर शार्ल लासेग यांचं नाव आहे. पण त्यांनी स्वतः ती लिहून ठेवलेली नाही. त्यांचे विद्यार्थी फोर्स्ट यांनी १८८१च्या प्रबंधात तिचं वर्णन केलं. त्याच्या एक वर्ष आधी सर्बियाचे लाझा लाझारेविच यांनी ती प्रसिद्ध केली होती आणि कळ नस ताणली गेल्याने येते हे कारणही ओळखलं होतं. लाझारेविच सर्बियन साहित्यातले नावाजलेले कथाकारही होते. फुगलेली गादी नस दाबते हे मिक्स्टर आणि बार यांनी बोस्टनमध्ये मांडलं ते १९३४ साली. म्हणजे कारण कळण्याआधी अर्धशतक ही खूण हाताला सापडलेली होती.

चाचणीची मर्यादाही सांगते. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पेशंटांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली निघाला. ज्यांची गादी खरोखर सरकलेली होती अशा १०० जणांत ९२ जणांना पाय उचलल्यावर कळ आली. पण गादी ठीक असलेल्यांतही बहुतेकांना ती आली, १०० पैकी फक्त २८ जण कळीशिवाय सुटले. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येणं याच्या उलट निघालं. ती खूण फार थोड्यांना मिळते, पण मिळाली की बऱ्याच खात्रीची. म्हणून एका चाचणीवर कुणी विसंबू नये.

शेवटी ताकद बघायची. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, त्यात चौथ्या मणक्याच्या नसेचा मोठा वाटा. टाचेमागे मारली की चवडा हलतो आणि माणूस चवड्यांवर चालू शकतो, ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून निघणाऱ्या पहिल्या नसेचं काम. पाचवीसाठी पायाचा अंगठा वर ओढायला सांगायचा आणि आपण बोटाने तो खाली दाबायचा. काकूंचा डावा अंगठा दोन बोटांनीही दबेना. उजवा एका बोटाने खाली गेला. त्यांनी मान उचलून बघितलं, त्यांचा विश्वासच बसेना.

म्हणजे दबली होती ती उजवी पाचवी नस, आणि ती बहुधा दाबते चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी. तेव्हा पिशवीतली फिल्म काढली. दोन फुगवट्यांपैकी उजवा, खालचा, जुळत होता. डावा, वरचा, काकूंच्या कुठल्याच तक्रारीशी जुळत नव्हता. अमेरिकेत १९९४ साली कंबर न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तेव्हा निम्म्याहून जास्त जणांची निदान एक गादी फुगलेली दिसली. असे फुगवटे आपल्यापैकी अनेक जण आयुष्यभर बाळगतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

काही प्रश्न मी कुणालाच चुकवू देत नाही, विचारताना संकोच वाटला तरी. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर वाटतो का? उत्तर हो असेल तर फिजिओ, शेक, मालिश सगळं सोडून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. नसांचा अख्खा जुडगा दबलेला असतो आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो.

साधी उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. उसण बहुधा काही दिवसांत आपणहून उतरते आणि श्रेय त्या पायाला जातं. पण तपासणी न झालेल्या कमरेवर लाथ बसलेली बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

काकूंना मी दोन गोष्टी सांगितल्या. दिवसातून पाच-सहा वेळा पालथं झोपून कोपरांवर उठायचं. आणि उठल्यावर पहिला तासभर परातीपुढे वाकायचं नाही. रात्रभर आडवं राहून गाद्या पाणी शोषून टम्म होतात. त्यामुळेच सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. त्या वेळी वाकलं की गादीवर आणि तिच्या भोवतालच्या तंतूंवर ताण जास्त येतो. कणीक सुनेने मळायला घेतली.

दर आठवड्याला आल्या की त्या आधी चप्पल काढून अंगठा पुढे करायच्या. चौथ्या आठवड्यात तो एका बोटाने दबेना. सातव्यात मी दोन बोटांनी दाबला, तरी तो तसाच वर होता.