गाठीतला विषाणू ओळखताना

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल येथे गाई-बैलांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत लम्पी चर्मरोग महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत जाऊन पोहोचला. गोठ्यात सकाळी धार काढायला गेलेल्या माणसाला गाईच्या मानेवर सुपारीएवढ्या टणक गाठी हाताला लागतात, तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा रोग लम्पीच आहे का, हा. या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कसे मिळते, हे पशुपालकाने समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण त्या उत्तराची अर्धी तयारी प्रयोगशाळेत होते आणि अर्धी गोठ्यातच होते.

या रोगाचे निदान पूर्वीही सोपे नव्हते. १९२९ मध्ये आजच्या झांबियात तो प्रथम नोंदला गेला, तेव्हा तो विषबाधेचा किंवा कीटकदंशाच्या ॲलर्जीचा प्रकार समजला गेला. तो एका जनावरापासून दुसऱ्याला होतो, हे आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील १९४३ ते १९४५ च्या साथींनंतर स्पष्ट झाले. भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात तो पहिल्यांदा आढळला आणि भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने त्याची खात्री केली. रोगाचे कारण असलेला विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला असून शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी हे त्याचे सख्खे भाऊबंद आहेत. हे नाते लक्षात ठेवावे, कारण पुढची बरीच गुंतागुंत त्यातूनच निर्माण होते.

अनुभवी पशुवैद्यक बहुतेक वेळा जनावर पाहूनच संशय व्यक्त करतात. ताप चढतो, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येते, खांद्यापुढच्या व मांडीपुढच्या लसिका ग्रंथी सुजतात, दूध एकाएकी घटते, आणि त्यानंतर साधारण दोन ते पाच सेंटीमीटर व्यासाच्या गोल गाठी उठतात. या गाठी कातडीच्या संपूर्ण जाडीत रुतलेल्या असतात. मात्र कातडीवर उठणारी प्रत्येक गाठ लम्पीची नसते. एका नागीणवर्गीय विषाणूमुळे होणारा ‘छद्म लम्पी’ हा आजार दिसायला अगदी तसाच असतो, फक्त त्याच्या गाठी वरवरच्या असतात आणि लवकर बऱ्या होतात. माश्यांचे दंश, अंगावर उठलेले पित्त, गजकर्ण, चामखिळी यांमुळेही गैरसमज होतो. गाठी थोड्याच असतील तर निव्वळ नजरेच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. विषाणू रक्तात थोडेच दिवस सापडतो. तापाच्या सुमारास घेतलेले रक्त उपयोगी पडते, पण गाठी येऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावर घेतलेल्या रक्तात तो बहुधा मिळत नाही. याउलट कातडीच्या गाठीत आणि तिच्यावरच्या खपलीत तो कितीतरी जास्त प्रमाणात असतो आणि महिनाभराहून अधिक काळ तग धरतो. त्यामुळे गाठ उठलेली असेल तर गाठीचा तुकडा किंवा खपली हाच सर्वोत्तम नमुना ठरतो. नाकातील आणि तोंडातील स्रावाचा बोळाही सोबत घेतला जातो. रक्त गोठू नये म्हणून नळीत ‘ईडीटीए’ हे रसायन घालतात. त्याऐवजी हेपॅरिन वापरले तर पुढच्या चाचणीत अडथळा येऊन खरोखर बाधित जनावराचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. नमुना बर्फाच्या खोक्यात, नीट नोंद करून, लवकरात लवकर रवाना व्हावा लागतो. आपल्या राज्यात तो पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातो.

प्रयोगशाळेत मुख्य चाचणी होते ती पीसीआर. कोरोनाच्या काळात ‘आरटीपीसीआर’ हा शब्द घराघरांत पोहोचला. त्यातला ‘आरटी’ हा टप्पा इथे लागत नाही, कारण कोरोनाचा विषाणू आरएनएचा, तर लम्पीचा डीएनएचा बनलेला आहे. नमुन्यातील विषाणूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट केला जातो, आणि तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या सुमारे १०७ कोटी प्रती तयार होऊ शकतात. मुळात विषाणू जितका जास्त, तितक्या कमी फेऱ्यांत त्याचा संकेत उमटतो. मात्र पीसीआरला विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे कळत नाही. बरे होत आलेल्या गाईच्या वाळक्या खपलीतून अहवाल बाधित आला, तर ती गाय अजून रोग पसरवत असेलच असे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी विषाणू पेशींमध्ये वाढवून पाहावा लागतो आणि त्या कामाला बरेच दिवस लागतात.

मघाशी म्हटलेले भाऊबंदकीचे नाते इथे आडवे येते. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रात गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. या तिन्ही विषाणूंचे जनुकीय साहित्य इतके सारखे आहे की साधी पीसीआर ‘या गटातला विषाणू आहे’ एवढेच सांगते. तो लशीतला की रोगाचा, हे ठरवण्यासाठी त्यांच्यातले बारीक फरक शोधावे लागतात. उदाहरणार्थ, ‘आरपीओ ३०’ या जनुकात मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूची २१ अक्षरे (म्हणजे डीएनएच्या साखळीतले दुवे) गळालेली आहेत, तर शेळ्यांची देवी आणि लम्पी यांच्यात अक्षरांच्या क्रमात वेगळेपण आहे. लस टोचल्यानंतर काही दिवसांत गाठी उठल्या आणि लशीनेच रोग झाला अशी कुजबुज गावात सुरू झाली, की खरे काय ते सांगायला हीच चाचणी कामी येते. पुष्कळदा जनावर लस टोचण्यापूर्वीच बाधित झालेले असते, कारण संसर्गापासून गाठी दिसेपर्यंत एक ते चार आठवडे जाऊ शकतात.

रक्तजलातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, तपासणाऱ्या एलायझासारख्या चाचण्यांना मर्यादा जास्त आहेत. लसीकरण झालेले आणि रोगातून उठलेले जनावर यांत त्या फरक करू शकत नाहीत, आणि या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती बरीचशी पेशींच्या आधारे काम करत असल्याने संरक्षित जनावरातही प्रतिपिंडे कधी कधी अगदी कमी सापडतात. एखाद्या भागात रोग पूर्वी येऊन गेला का, हे कळपाच्या पातळीवर पाहायचे असेल तर त्या उपयोगी ठरतात. एका गाईचा निकाल त्यांच्यावरून लावू नये.

साथ पसरलेली असताना प्रत्येक गाठीचा अहवाल येईपर्यंत थांबणे परवडणारे नसते. संशय येताच जनावर वेगळे बांधावे, डास, गोमाश्या आणि गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि दवाखान्यात कळवावे. तशी खबर देणे जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंधनकारकही आहे. शिवाय प्रयोगांत असे दिसले आहे की रक्तात विषाणू असलेल्या जनावरांपैकी बऱ्याच जणांच्या अंगावर एकही गाठ येत नाही. अशा जनावराचा नमुना कोणी घेणारच नाही, त्यामुळे पीसीआर कितीही अचूक असली तरी ते नजरेतून निसटते. गोठ्यात एक जनावर आजारी पडले की उरलेल्यांचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजावा आणि वहीत टिपून ठेवावा. पारा १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, की गाठ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावून रक्ताचा नमुना घ्यायला लावावा.