भित्र्या राजकन्येच्या गोष्टीमागचा खरा आजार

एका राजाच्या दोन मुली. थोरली धीट, घोड्यावर बसणारी. धाकटी इतकी भित्री की पाल चुकचुकली तरी दाराआड लपते. आजारी मात्र थोरली पडते. वैद्य हात टेकतात आणि कधी एकटीने चौक न ओलांडलेली धाकटी औषधाच्या शोधात वेशीबाहेर पडते.

बडोद्यात ही गोष्ट मुलांना सांगायची असो की गणपतीतल्या बालनाट्यासाठी बसवायची असो, सगळ्यात आधी एक ठरवावं लागतं: आजार कुठला? बहुतेक जण ‘गूढ ज्वर’ म्हणून मोकळे होतात. तिथेच गोष्ट पातळ होते. आजाराला नाव नसलं की त्याला दिवस नसतात, दिवस नसले की मुदत नसते, आणि धाकटी नेमकी कशाला घाबरते हेही कळत नाही. आपल्या भागात या गोष्टीला शोभेल असा एक आजार शतकानुशतकं घरोघरी होता. त्याचं नाव देवी, म्हणजे स्मॉलपॉक्स.

आधी गोष्टीच्या घराण्याबद्दल. आपल्या परंपरेत जिवासाठी झगडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण त्यांची नाती ठरलेली आहेत. सावित्री यमामागे जाते ती नवऱ्यासाठी. भाऊबीजेला ओवाळणी होते ती भावाच्या आयुष्यासाठी. शुक्रवारच्या कहाणीत बहीण आहे, पण तिचा सगळा सल भावाच्या घरच्या पंगतीतल्या अपमानाचा. बहिणीने बहिणीसाठी रान तुडवलं असं आपल्या नेहमीच्या कहाण्यांत सापडत नाही. आश्चर्य वाटतं ते एवढ्यासाठी की ज्येष्ठा-कनिष्ठा या जोडीने येणाऱ्या गौरी आपण दर भाद्रपदात घरात घेतो, अनुराधा नक्षत्रावर आणतो, ज्येष्ठावर जेवू घालतो, मूळ नक्षत्रावर निरोप देतो. बहिणींची जोडी डोळ्यांसमोर असताना त्यांची अशी गोष्ट मात्र रुळली नाही.

बडोद्याच्या मराठी घराला याची सगळ्यात जवळची गोष्ट शेजारच्या गुजराती घरात मिळते. शीतळा सातमची वार्ता, म्हणजे व्रताची कहाणी. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, श्रावण वद्य सप्तमीला, ती वाचतात. त्याच्या आदल्या दिवशी रांधणछठ: सगळा स्वयंपाक त्या दिवशीच करून रात्री चूल विझवायची, सप्तमीला गारच खायचं. वार्तेत दोन जावा आहेत. धाकटी रात्री उशिरापर्यंत रांधत असते, पाळण्यातलं मूल रडतं म्हणून त्याला घेऊन जरा आडवी होते आणि तिला झोप लागते. चूल धगधगती राहते. मध्यरात्री शीतळा माता राखेत लोळायला येते, तिचं अंग पोळतं आणि ती शाप देते. सकाळी पाळण्यात मूल भाजून गेलेलं.

धाकटी मुलाला टोपलीत घालून शीतळेला शोधायला निघते. वाटेत दोन लहान तळी लागतात, त्यांचं पाणी पिणारा मरतो. पुढे दोन बैल, गळ्यात जात्याच्या तळ्या, एकसारखे झुंजणारे. दोघांनीही तिच्याजवळ निरोप दिलेला: आमचं पाप काय ते विचारून ये. शेवटी झाडाखाली केस पिंजारलेली एक म्हातारी डोकं खाजवत बसलेली दिसते. धाकटी टोपली खाली ठेवते आणि तिच्या डोक्यातल्या उवा काढत बसते. म्हातारीच्या डोक्याला थंडावा मिळतो, मूल हालचाल करू लागतं. पुढच्या वर्षी थोरली जाऊ मुद्दाम चूल पेटती ठेवते आणि तशीच निघते, पण ना कुणाचा निरोप घेते ना म्हातारीच्या डोक्याला हात लावते. ती रिकाम्या हाताने परत येते.

या वार्तेत तलवार कुठेच नाही. आजारी, अस्वच्छ, सगळ्यांनी टाळलेल्या म्हातारीला हात लावणं हीच कसोटी आहे. ज्या रोगाची ही देवता, त्या रोगात घरच्यांची कसोटी अगदी हीच होती.

आता तो रोग. लागण झाल्यावर साधारण दहा ते चौदा दिवस काहीच दिसत नाही. माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो. मग एकदम सडकून ताप, पाठदुखी, उलट्या. दोन-चार दिवसांनी ताप जरा उतरतो आणि घरच्यांना वाटतं, सुटलो. नेमके तेव्हाच तोंडात आणि चेहऱ्यावर डाग उठतात, मग हात-पाय, तळहात-तळपायसुद्धा. पोटा-पाठीपेक्षा चेहरा आणि हातापायांवर दाटी जास्त, ही देवीची खूण; कांजिण्यांत उलटं असतं. डागांचे फोड, फोडांत पाणी, पाण्याचा पू. पुवाच्या सुमाराला ताप पुन्हा चढतो. मृत्यू बहुधा दुसऱ्या आठवड्यात. जगलं तर दोन आठवड्यांत खपल्या धरतात, तिसऱ्यात गळतात, आणि शेवटची खपली पडेपर्यंत रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो. या रोगाच्या भयंकर प्रकारात, म्हणजे भारतात जो मुख्यतः होता त्यात, लस न घेतलेल्या दर दहांतले सुमारे तीन जण जात. उरलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत, काहींचे डोळे जात.

एकदा देवी येऊन गेली की सहसा पुन्हा येत नाही, हे लोकांना शास्त्राच्या आधीपासून माहीत होतं. म्हणून रोग्याच्या खोलीत निर्धास्त जाऊ शकणारी बाई म्हणजे वणांनी भरलेल्या चेहऱ्याची बाई. नाटकात दाई ठेवणार असाल तर तिला हा चेहरा द्या. आणि धाकटीचा चेहरा नितळ ठेवा. ती घाबरते ते उगाच नाही. बहिणीच्या उशाशी बसणं म्हणजे दहांत तिघांच्या रांगेत उभं राहणं, हे तिला कळतं.

कडुलिंबाचा पाला दाराला लावणं, रोग्याला त्याच्यावर निजवणं, घरात फोडणी न करणं, पाहुणा न घेणं, हे सगळं ‘आई आली आहे’ म्हणून पाळलं जाई. पाल्याने रोग हटत नव्हता. पण दाराला पाला दिसला की बाहेरचा माणूस उंबऱ्याबाहेर थांबे, आणि तेवढं अंतर खरंच उपयोगी पडे. खाज सुटलेल्या अंगावरून पाला फिरवला की नखं लागत नसत, हेही खरं.

आता औषध. गाईच्या सडावर येणाऱ्या फोडांतला द्रव माणसाला टोचला तर देवी येत नाहीत, हे एडवर्ड जेन्नर यांनी इंग्लंडमध्ये १४ मे १७९६ रोजी सुरू केलेल्या प्रयोगातून दाखवलं. मराठीत ‘लस’ हा शब्दच मुळात जखमेतून झिरपणाऱ्या पातळ द्रवाचा. ‘देवी येणे’ म्हणजे रोग होणे आणि ‘देवी काढणे’ म्हणजे लस टोचणे, हा फरक जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो.

हा द्रव भारतात आणणंच कठीण होतं. दोऱ्यावर वाळवून किंवा काचांच्या मध्ये लाखेने बंद करून पाठवला तर वाटेतल्या उन्हात तो निकामी होई. शेवटी तो व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा जमिनीच्या वाटेने सरकत, आणि बसऱ्याहून जहाजाने, मुंबईला पोहोचला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर तो लागला. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं. तिथून माणसांच्या साखळीने लस हैदराबाद, कोचीन, मद्रास करत म्हैसूरच्या राजदरबारापर्यंत गेली.

साखळी अशी चाले. दंडावर नस्तराने ओरखडा काढून द्रव लावायचा. तीन-चार दिवसांनी लाल गाठ येते, पाचव्या-सहाव्या दिवशी तिचा मधे खळगा असलेला फोड होतो, आणि सातव्या-आठव्या दिवशी त्यातला द्रव स्वच्छ, टोचण्याजोगा असतो. दहाव्या दिवसानंतर तो गढूळ होतो. त्याने टोचलं तर लागत नाही किंवा दंड पिकतो. म्हणजे औषधाची कुपी ही जिवंत मुलाचा दंड, आणि ती कुपी उघडायची मुदत दोन-तीन दिवसांची. मुलाने फोड खाजवून फोडला, आईवडिलांनी आठव्या दिवशी मूल आणलंच नाही, किंवा टोचलेल्याला आधीच देवी येऊन गेल्या असल्या, की साखळी तुटली. म्हणून १८०३ मध्ये स्पेनहून अमेरिकेकडे लस नेणाऱ्या मोहिमेने २२ अनाथ मुलगे बरोबर घेतले होते आणि दर वेळी दोघांना टोचत गेले. एकाचा फोड बिघडला तर दुसरा असावा. या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे एकाच्या रक्तातला दुसरा आजारही पुढच्याला जाई. उपदंश (सिफिलिस) असा पसरल्याची उदाहरणं आहेत. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवू लागले ते मुख्यतः यासाठी.

हे माहीत असलं की राजकन्येच्या प्रवासाला हाडं मिळतात. मुंबई ते बडोदा साधारण ४०० किलोमीटर. बैलगाडी दिवसाला २५ ते ३० किलोमीटर जाते असं धरलं तर दोन आठवडे. मुंबईत टोचलेल्या मुलाचा फोड आठव्या दिवशी, सुरतेच्या अलीकडेच, तयार होतो. तिथे दुसऱ्या मुलाला टोचायचं. तापी आणि नर्मदा ओलांडून बडोद्याला पोहोचल्यावरही त्या दुसऱ्याचा फोड पिकायला एक-दोन दिवस थांबायचं. दोन टप्पे, टप्प्याला दोन मुलं, म्हणजे चार मुलं आणि त्यांच्या आया. एवढा लवाजमा सांभाळायला शूर माणूस लागत नाही, जपणारा लागतो. फोडावर मुलाची नखं जाऊ नयेत म्हणून रात्रभर जागी बसणारी भित्री मुलगी या कामाला अगदी योग्य.

पण एक गोष्ट गोष्टकारांकडून नेहमी चुकते. अंगावर फोड उठलेल्या बहिणीला लस वाचवू शकत नाही. लस उपयोगी पडते ती लागण झाल्यापासून तीन-चार दिवसांच्या आत टोचली तर. रोगाला वर यायला बारा-एक दिवस लागतात, लसीचं संरक्षण त्याच्या आधी तयार होतं, म्हणून ती शर्यत जिंकते. तेव्हा फोड दासीच्या अंगावर दाखवा. थोरली त्याच दासीशेजारी निजली होती, तिला अजून काहीच झालेलं नाही, ती हसते आहे, आणि हे फक्त वणांच्या चेहऱ्याच्या दाईला कळलं आहे. धाकटीच्या हातात तीन दिवस. तेवढ्यात मुंबई गाठून परतणं शक्य नाही. तिला जवळपासच्या गावांत आठव्या दिवसाचा दंड असलेलं मूल शोधून, त्याच्या आईला पटवून, घरी आणायचं आहे.

क्षय का निवडू नये, असं विचारलं जातं. बडोद्याच्या राजवाड्याने तो पाहिला आहे. तंजावरहून १८८० मध्ये सून म्हणून आलेल्या पहिल्या चिमणाबाई, सयाजीराव महाराजांच्या पत्नी, १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर १८९६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ उभा राहिला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच जाहीर केला होता, पण त्याच्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आलं. मधल्या साठेक वर्षांत राणी असो की डॉक्टर, सुटका नव्हती. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच आजाराने गेल्या, एकविसाव्या वर्षी. त्या काळात क्षयाच्या औषधाच्या शोधाला निघालेली राजकन्या कुठेही गेली तरी रिकामीच परतली असती. देवीच्या बाबतीत मात्र औषध होतं आणि ते पोहोचवणं एवढंच माणसाच्या हातात होतं.

पोहोचवण्याचा प्रश्न शेवटी विसाव्या शतकात सुटला. १९५० च्या दशकात गोठवून सुकवलेली लस आली, ती उन्हात महिनाभर टिके. मग दोन टोकांची सुई आली. लसीत बुडवली की दोन टोकांमध्ये एक थेंब अडकतो, त्यानेच दंडावर भराभर पंधरा टोचे द्यायचे, रक्ताचा किंचित अंश दिसला की बरोबर. पूर्वीच्या चौथाई लसीत काम भागे. त्यातही एक चूक हमखास होई: दंड स्पिरिटने पुसायचा आणि ते वाळायच्या आत टोचायचं. स्पिरिटने लस मरते. १९७४ मध्ये भारतात देवीचे १,८८,००० रुग्ण नोंदले गेले. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं.

मराठी घरांत श्रावण शुद्ध सप्तमीला शिळासप्तमी होते. तिची कहाणी तळ्याला पाणी न लागण्याची आहे, फोडांची नाही. शिळं खाण्याचा नेम तेवढा सारखा. बडोद्यात ती झाली की पंधरा दिवसांनी शेजारच्या स्वयंपाकघरात रात्रीच गॅस बंद होतो, शेगडी पुसून तिला कुंकू लागतं, आणि सकाळी गार थेपल्यांची आणि वड्यांची ताटली मधल्या दारातून मराठी घरात येते.