सायटोकायनिन आणि पॉलिअमाईन : दोघांनी पान हिरवं राहतं, पण दोघं एक नाहीत

द्राक्षाची खरड छाटणी झाली की आमच्या निफाड-दिंडोरीकडं सिक्स बीएचा (हे एक सायटोकायनिन, म्हणजे झाडाच्या वाढीचं हार्मोन) विषय निघतोच, घडनिर्मितीसाठी मारतात ना. परवा मामांचा फोन आला, म्हणे दुकानात सांगितलं की पॉलिअमाईन (हे पेशीतच असणारं एक रसायन) म्हणजे सिक्स बीएचाच भाऊ, कुठलंही एक मारलं तरी चालतं, खरं का गं? मी एमएस्सीला हेच शिकलेय त्यामुळे फोनवर अर्धा तास बोलले, तरी बरंच राहिलं, म्हणून इथं लिहितेय.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोघांमुळे पेशी विभागतात, आणि तोडलेलं पान कुठल्याही एकाच्या पाण्यात ठेवलं तर ते पिवळं पडायला उशीर लागतो (पॉलिअमाईनचे असे प्रयोग ओटच्या पानांवर झालेत, अंधारात ठेवून). शोधाच्या गोष्टीसुद्धा सारख्याच वाटतात बघा, स्पर्मिन या पॉलिअमाईनचे स्फटिक सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकवाल्या लेव्हेनहूकला वीर्यात दिसले, नाव तिथूनच आलं, आणि 1955 मध्ये स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांच्या गटाला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये पहिलं सायटोकायनिन म्हणजे कायनेटिन सापडलं ते हेरिंग माशाच्या वीर्यातल्या डीएनएमधून!

पण काम करायची पद्धत पूर्ण वेगळी. सायटोकायनिन हे हार्मोन, म्हणजे निरोप. बरंचसं झाडाच्या मुळांमध्ये तयार होतं, पाण्याबरोबर वर चढतं, पेशीत त्याचा ठरलेला रिसेप्टर (निरोप घेणारं प्रथिन) असतो, तिथं बसलं की निरोप पुढे जातो की आता विभागायचंय. छाटणीच्या टोळीत मुकादमानं एक हाक मारली की सगळे कामाला लागतात तसं, म्हणून अगदी किंचित पुरतं. सिक्स बीए हे याच गटातलं, कारखान्यात बनवलेलं.

पॉलिअमाईन मात्र पेशीत भरपूर लागतं, साधारण हजारपट तरी धरा. मुख्य तीन, पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन, त्यांच्यावर अनुक्रमे 2, 3 आणि 4 धन भार असतात. डीएनए, आरएनए, पेशीचा पडदा हे सगळं ऋण भाराचं, म्हणून पॉलिअमाईन त्यांना चिकटून धरून ठेवतं, आपण काडी तारेला सुतळीनं बांधतो ना, तसंच. म्हातारं होताना पानातला पडदा गळायला लागतो, तिथं ही सुतळी उपयोगी पडते. शिवाय स्पर्मिडिनचा एक तुकडा प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेतल्या ईआयएफ-फाईव्ह-ए नावाच्या प्रथिनाला जोडला जातो, तो नसला तर ते प्रथिन कामच करत नाही.

मला सगळ्यात पटलेला पुरावा अरॅबिडॉप्सिसचा आहे, मोहरीच्या कुळातलं छोटंसं झाड. त्यातले सायटोकायनिनचे तिन्ही मुख्य रिसेप्टर बंद केले तरी झाड खुरटं का होईना जगतं. पण स्पर्मिडिन बनवणारी दोन्ही जनुकं बंद केली की बीजातला गर्भच मरतो. निरोप न मिळता कसंबसं चालतं, सुतळीच नसेल तर उभंच राहता येत नाही.

आता इथिलिन. पॉलिअमाईन आणि इथिलिन दोन्हींना एकच कच्चा माल लागतो, एस-ॲडेनोसिल मेथिओनिन. सटाण्या-मालेगावकडं डाळिंबाची पानगळ करायला इथ्रेल मारतात, त्यातून निघतं ते इथिलिनच, म्हातारपण आणणारं. मग वाटतं, पॉलिअमाईन वाढलं की कच्चा माल तिकडं जाईल आणि इथिलिन आपोआप कमी होईल. मलाही हे बरेच दिवस पक्कं वाटायचं. पण 2002 मध्ये टोमॅटोत यीस्टचं जनुक घालून पिकताना पॉलिअमाईन वाढवलं, तर फळ झाडावर जास्त टिकलं, लायकोपिन (टोमॅटोचा लाल रंग) वाढलं, आणि इथिलिनसुद्धा वाढलं! म्हणजे एकाच हौदाच्या दोन तोट्या इतकं सोपं गणित नाहीये ते. त्यात पॉलिअमाईन तुटताना हायड्रोजन पेरॉक्साईड तयार होतं, थोडं असेल तर पेशीभिंत पक्की करायला कामी येतं, जास्त झालं की पेशीलाच मारतं. म्हणून जास्त मारलं की जास्त हिरवं हा हिशोब मला अजिबात मान्य नाही.

आणि द्राक्षवाल्यांनी हे तर वाचाच. वेलीत पोटॅश कमी पडलं की पानात पुट्रेसिन साठतं आणि पानाच्या कडा करपतात. कॅलिफोर्नियात तर असंही दिसलंय की पोटॅश पुरेसं असूनही तशाच कडा करपल्या आणि पुट्रेसिन वाढलेलं निघालं, त्याला तिथं स्प्रिंग फीवर म्हणतात. मामांच्या एका प्लॉटला गेल्या हंगामात तशाच कडा होत्या, म्हणून त्यांना म्हटलं, परत तसं दिसलं तर बाटली आणायच्या आधी देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) करून घ्या.